मिलकाबाईंचा पाटा

पेण म्हटलं की लोकांना गणपती आठवतो, नाहीतर पोह्याचे पापड. रोहा म्हटलं की बहुतेकांना काहीच आठवत नाही. त्यामुळे परत आल्यापासून जो तो विचारतो, "तिथं काय बघायला गेला होतात?" दफनभूमी बघायला गेलो होतो, असं सांगितलं की विचारणारा विषय बदलतो. त्यातून सोबत कोण, तर शेजारच्या एस्तरमावशी. वय ऐंशीच्या घरात, दोन्ही गुडघे संपावर. निघताना आमच्या ह्यांनी बजावलं होतं, "दफनभूमीत दोघी जाताय, परतही दोघीच या."

एस्तरमावशी ठाण्याला आमच्या समोरच्या दारात राहतात. त्या बेने इस्राएल, म्हणजे फार पूर्वी कोकणच्या किनाऱ्याला लागलेले आणि इथलेच होऊन गेलेले ज्यू. मराठी माझ्याहून चोख. दिवाळीला माझ्याकडे करंज्या भरायला येतात, आणि शनिवारी मात्र स्वतःच्या घरचा गॅससुद्धा पेटवत नाहीत. त्यांचा मुलगा इस्रायलला असतो. आता तो त्यांना कायमचं घेऊन जाणार होता. तिकीट झालं, भांडी वाटून झाली, माझ्या वाट्याला पितळेचा डबा आला. राहिलं होतं एकच काम. "आईला सांगितल्याशिवाय जायचं कसं?" असं मावशी रोज म्हणायच्या.

आई, मिलकाबाई, रोह्याच्या दफनभूमीत. सासर पेणचं, माहेर रोह्याचं. दुसऱ्या बाळंतपणासाठी माहेरी गेल्या आणि त्यातच गेल्या. पाठोपाठ बाळही गेलं. मावशी तेव्हा सात वर्षांच्या. त्यांच्यात कबरीवर दगड बसवतात तो साधारण वर्षाने, आणि तोवर घरात दुसरी आई यायचं ठरलं होतं. मावशींच्या वडिलांनी मग काय करावं? मिलकाबाईंचा वाटणाचा पाटा उचलला, पाट्यांना छिन्नीने टाकी लावायला येणाऱ्या बाईकडून त्याच्या पाठीवर नाव कोरून घेतलं, आणि तोच नेऊन कबरीच्या उशाशी उभा केला. हिच्या पाट्यावर दुसरीने वाटायचं नाही, एवढंच ते म्हणाले म्हणे. मला हा माणूस न बघताच आवडून गेला.

पूर्वी नात्यातलं कोणी ना कोणी रोह्याला जायचं, गवत काढायचं. ते सगळे फार पूर्वीच एकेक करून परदेशी गेले, आणि मावशींचंही जाणं कित्येक वर्षांत झालं नव्हतं. आता मावशी गेल्या की मिलकाबाईंकडे फिरकणारं कोणी उरणार नव्हतं. मावशींना हेच आतून खात होतं. तिकीट मोडायच्या गोष्टीही त्यांनी दोनदा केल्या. शेवटी मी म्हटलं, चला, मी येते.

पेण

गुरुवारी दुपारी पेणला पोचलो ते उपाशीच. खानावळीत मी उत्साहाने कोळंबीचं ताट सांगितलं आणि मग जीभ चावली. मावशींना खवल्यांचाच मासा चालतो. कोळंबी, खेकडे वर्ज्य. पण मावशी खानावळवाल्याकडे वळून म्हणाल्या, "जिताडा हाय काय रे ताजा? खाजणातला?" मी चमकलेच. ठाण्याला 'आहे का' म्हणणाऱ्या बाई पेणच्या हद्दीत शिरल्या आणि 'हाय काय' वर आल्या! जिताडा, म्हणजे खाडीतला खवल्यांचा मासा, आला, आंबट-तिखट रश्शातला. मी साताऱ्याकडची, मासा खाते पण जरा भीतभीतच. मावशींनी मात्र काटे असे काढले की ताटात नुसता सांगाडा उरला.

त्यांचं जुनं घर ज्या आळीत होतं तिथे गेलो. घराच्या जागी मोबाइलचं दुकान. मावशी समोर उभ्या राहून आत बघत होत्या. दुकानदार बिचारा विचारत राहिला, "कव्हर पायजे का आजी?" त्यांनी त्याचं मन राखायला माझ्या फोनला एक कव्हर घेतलं, ते नेमकं बसत नाही. जवळच गणपतीचे कारखाने. अजून रंग न चढलेले पांढरे गणपती फळ्यांवर ओळीने बसलेले, डोळे काढायचे बाकी. कारागिरांनी आम्हाला आत बसवून चहा दिला. लहानपणी मावशी शाळेतून येताना असल्याच कारखान्यात रेंगाळायच्या, आणि आई दारात वाट बघत असायची. "मार नाय द्यायची. नुसतं म्हणायची, आपला देव दिसत नाय म्हणून तुला दुसऱ्यांचे बघायला आवडतात काय गो?" हे सांगताना मावशी पहिल्यांदा मोकळेपणाने हसल्या.

रात्री लॉजवर त्यांना झोप लागली नसावी. सकाळी मी उठले तर त्या साडी नेसून, पिशवी मांडीवर घेऊन तयार होत्या.

रोहा

रोह्यापर्यंत भाड्याची गाडी केली. गडबच्या पुढे भाताची खाचरं रिकामी पडली होती, कुठे कुठे त्यांत वाल हिरवागार होता. आमचा बेत साधा होता: सकाळी कबर शोधायची, मावशी आईशी बोलतील, संध्याकाळी शब्बाथ, म्हणजे त्यांचा विश्रांतीचा वार, लागायच्या आत ठाण्याला परत. सूर्य मावळला की शनिवार संपेपर्यंत मावशी गाडीत पाय ठेवत नाहीत.

गाडीवाल्याने आधी आम्हाला मुसलमानांच्या कब्रस्तानात नेऊन सोडलं. तिथे झाडत असलेल्या एका आजोबांनी मावशींचं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं. "तुमचे लोक हितं नाय, तिकडं, कंपनीच्या कॉलनीला लागून," ते म्हणाले, आणि रस्ता दाखवायला फाटकापर्यंत आले. वर, "सापडली की माझाही सलाम सांगा," असंही म्हणाले. मावशींनी खरंच मान डोलावली.

दफनभूमी एवढी मोठी असेल असं मला वाटलं नव्हतं. फाटक नुसतं नावाला, आत कमरेएवढं वाळलेलं गवत, आणि गवतातून डोकी काढलेले दगड. जुने दगड व्हिक्टोरिया राणीच्या राज्यातले: वर हिब्रू, खाली देवनागरी, एखाद्यावर मोडीसुद्धा. पलटणीतले सुभेदार, शाळामास्तर, एक कंपाउंडर, आणि कुठल्या तरी गावाच्या नावाला 'कर' लावलेली आडनावं. मी मोठ्याने वाचत गेले. हिब्रू सोडलं तर आमच्याच गावच्या यादीतली माणसं वाटत होती. आमच्याकडे माणूस जाळला की राख नदीला, नाव घरच्या तोंडी राहील तेवढंच. इथे मातीखाली का होईना, सुभेदारसाहेबांचा पत्ता अजून लागत होता. मला त्याचा थोडा हेवा वाटला.

पण मिलकाबाईंचा पत्ता लागेना. मावशींना जुनं आठवत होतं ते असं: भिंतीजवळ, चाफ्याखाली, उभा पाटा. चाफे तर जागोजाग होते. मी काठीने गवत बाजूला करत होते, मावशी प्रत्येक चाफ्याखाली थांबत होत्या. माझ्या साडीला कुसळं, एका चपलेचा अंगठा तुटलेला. ऊन चढलं. भिंतीकडेच्या शेवटच्या चाफ्यापाशी तर भिंतही धड नव्हती, मोठं खिंडार होतं आणि पलीकडे इमारती. तिथे मातीचा उंचवटा होता, पण दगड नव्हता. मावशी खाली बसल्या आणि म्हणाल्या, "कुणी नेला गो. आईला कुणी उचलून नेली."

खोटा धीर द्यायची मला सवय आहे, पण त्या वेळी मी नुसती त्यांच्या साडीवरची कुसळं काढत बसले.

कॉलनी

"काय शोधताय वो?" खिंडाराच्या पलीकडून हाक आली. एक सत्तरीची बाई वालाच्या शेंगा सोलत बसली होती. "उन्हात बसू नको मावशी, हिकडं ये. पानी पी."

खिंडारातून मावशींना पलीकडे नेणं हा एक सोहळाच झाला. त्या बाईने हात धरला आणि मी मागून आधार दिला. पलीकडे कंपनीच्या कामगारांची कॉलनी. तीन मजली इमारती, रंग उडालेले, गॅलरीत शिफ्टचे निळे गणवेश वाळत घातलेले. बाईचं नाव चंद्राबाई. मूळच्या खारेपाटातल्या, वडील मिठागरावर. लग्न होऊन कॉलनीत आल्या. नवरा कंपनीत होता, आता नाही. मुलगा त्याच कंपनीत लागलाय. एवढं सगळं पाण्याचा तांब्या भरेपर्यंत सांगून झालं.

मावशींनी पाणी तोंडाला लावलं आणि तसाच तांब्या खाली ठेवला. समोर उंबराखाली छोटा ओटा होता. ओट्यावर दोन विटा, विटांवर आडवा ठेवलेला पाटा, हळदीकुंकवाने माखलेला.

"हे काय?" मावशींनी विचारलं.

"आमची पाचवीची जागा," चंद्राबाई म्हणाल्या.

पाचवी माझ्याही माहेरी होते. बाळ पाच दिवसांचं झालं की संध्याकाळी पाटा-वरवंटा पुजायचा, कोरा कागद आणि लेखणी ठेवायची. सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी नशीब लिहून जाते. आता घरोघरी मिक्सर. कॉलनीतल्या भाड्याच्या खोल्यांत पाटा कोणाकडे असणार? म्हणून सगळ्यांची पाचवी याच पाट्यावर. चंद्राबाईच सांगू लागल्या, "माजी पयली दोन पोरं जगली नाय. तिसऱ्याच्या पाचवीला ह्ये नाईटला, घरात पाटा नाय, मी रडत बसलेली. त्या पावसात भिंत पडली व्हती. भाईर गेले तर चाफ्याखाली गवतात पाटा पडलेला. पाटा कुनी टाकतं काय? मला वाटलं, सटवाईनंच धाडला. सासूच्या मदतीनं ओढत आणला. तो पोरगा जगला. तवापासून समदी हितंच येतात."

मावशी ओट्याकडे सरकल्या. "पाटा पालथा करा. पाठीवर नाव असंल."

चंद्राबाई गडबडल्या. तोवर आणखी बायका जमल्या होत्या. तळमजल्यावरच्या अश्विनीला बुधवारी मुलगी झाली होती, रविवारी तिची पाचवी. पुजायचा पाटा पाचवीच्या तोंडावर पालथा घालणं म्हणजे भलतंच. "तेवडं नको मावशी, पोरीवर येईल," असं एक-दोघी म्हणाल्या. कुणाचंच चुकत नव्हतं, हीच पंचाईत.

मार्ग चंद्राबाईंनीच काढला. "पालथा कशाला? विटांवर हाय ना, खालनं हात घाल."

मावशी ओट्याला टेकून बसल्या, आणि पाट्याखाली हात सरकवला. डोळे मिटून बोटं फिरवत होत्या. सगळ्या जणी त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या. "मि," त्या म्हणाल्या. बोटं पुढे सरकली. मग "ल". आणि "का" म्हणायच्या आधीच त्यांनी कपाळ पाट्याच्या कडेला टेकवलं.

मी जमिनीवर पालथी पडून फोनच्या उजेडात बघितलं. मुंग्या चावल्या, केसांत माती गेली, पण अक्षरं स्वच्छ होती. ओट्यावर आल्यापासून ऊन-पाऊस लागला नव्हता त्यांना.

मला वाटलं आता सगळं छान झालं. पण मावशींनी डोकं वर केलं तेव्हा कपाळाला कुंकू लागलं होतं. ते हाताला लागताच त्या भडकल्या. मी त्यांना इतकं रागावलेलं कधीच पाहिलेलं नाही. "आमच्यात दगडाला कुंकू लावत नाय! माझी आई रोज प्रार्थना करायची, एका देवाची. तिच्या उशाचा दगड उचलून देव केलात?"

चंद्राबाईंनी दोन्ही कान धरले. "म्हाईत नव्हतं गो मावशी. देवाशप्पत. आत्ता चौघी जणी उचलतो, होता तिथं नेऊन ठेवतो." आणि खरंच पदर खोचून पुढे झाल्या. तेवढ्यात तळमजल्याच्या खिडकीतून अश्विनीचा आवाज आला, "मग माज्या पोरीचं कसं?" तिला कोणीतरी गप्प केलं.

मी मध्ये पडले. नसतं डोकं चालवायची खोडच मला. म्हटलं, पाटा कबरीवर न्या आणि पाचवी तिथेच करा. सगळ्या बायका माझ्याकडे अशा बघायला लागल्या की विचारू नका. पाच दिवसांच्या बाळाला मसणात न्यायचं? मी ओशाळून माझ्या तुटक्या चपलेकडे बघत बसले.

मावशी चंद्राबाईंचा हात धरून पुन्हा खिंडारातून चाफ्याखाली गेल्या. "हितंच," चंद्राबाईंनी उंचवटा दाखवला. मावशींनी पिशवीतून छोटं पुस्तक काढून काहीतरी पुटपुटलं, एक खडा उचलून मातीवर ठेवला. त्यांच्यात कबरीला फूल नाही, खडा ठेवतात. येऊन गेल्याची खूण. मग त्या शुद्ध पेणच्या बोलीत आईशी बोलल्या. मी मुद्दाम लांब उभी राहिले, तरी ऐकू आलंच. "आये, मी चालले गो. पोरगा बोलावतोय. तू म्हणशील तर नाय जात." असं म्हणून त्या खरोखरच उत्तराची वाट बघत बसल्या. चंद्राबाई आजूबाजूचं गवत उपटत होत्या. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

ते गवत उपटणं मावशी बघत राहिल्या. मग विचारलं, "त्या पाट्याला रोज कोण बघतं?"

"कोन म्हंजे? सकाळी मीच पानी घालते. मी नसले तर कुनीबी. पोर आजारी पडलं की आया येऊन बसतात तिच्यापाशी."

"तिच्यापाशी," मावशी म्हणाल्या. मग उठायला माझा हात मागितला. "पाटा हितं आणू नको. इथं गवतात कोण येतंय? माझ्या आईच्या मांडीवर तिचं बाळ चार दिस पण राहिलं नाय. तिथं पोरं येतात, तर येऊ दे. पण तिला निनावी ठेवू नको गो. मिलका नाव हाय तिचं. मिलकाबाय म्हणा."

"मिलकाबाय," चंद्राबाई म्हणाल्या. आणि मग एक खडा उचलून त्यांनीही मातीवर ठेवला, मावशींच्या खड्याला चिकटून.

पाचवी

बाहेर पडताना मावशींनी रीतीप्रमाणे हात धुतले. या सगळ्यात सूर्य कलला होता. ठाणं काही आता गाठता येत नव्हतं. चंद्राबाईंनी आम्हाला लॉज शोधूच दिला नाही. शुक्रवार, शनिवार आम्ही त्यांच्या दोन खोल्यांत राहिलो. शनिवारी मावशींना विस्तव नको, म्हणून चंद्राबाईंनी आदल्या संध्याकाळीच वालाचं बिरडं करून ठेवलं, आणि "तुमच्यातबी बिरडं करतात?" म्हणून हरखल्या. दोघी दिवसभर नारळाचा रस किती घालायचा यावर वाद घालत होत्या. कंपनीचा भोंगा झाला की बोलणं थांबायचं, मग पुढे चालू. रविवारी सकाळी निघता आलं असतं, मावशी म्हणाल्या, "पाचवी बघून जाऊ." मी घरी फोन करून सांगितलं की आम्ही अजून दोघीच आहोत.

दिवेलागणीला उंबराखाली बायका जमल्या. शुक्रवारच्या रागानंतर चंद्राबाईंनी पाटा धुऊन लख्ख केला होता, आणि या वेळी हळदीकुंकू पाट्यावर नाही, पुढ्यातल्या नारळाला लावलं. ही तडजोड त्यांनी कोणाला न विचारता करून टाकली होती. मावशींना खुर्ची दिली. "मी पूजा करायची नाय, पण बसते," त्यांनी आधीच सांगून टाकलं होतं. अश्विनी दारापाशीच बाळाला घेऊन बसली. कोरा कागद आणला, पेन ठेवलं, दिवा लावला.

चंद्राबाईंनी हात जोडले. "सटवाई आये, पोरीच्या कपाळी चांगलं लिव. दुधाला कमी पडू देऊ नको. शिकू दे, मोठी होऊ दे." इथे त्यांचं दर वेळचं मागणं संपत असावं, कारण बायका नमस्काराला वाकल्या. पण त्या तशाच उभ्या राहिल्या. "आनि मिलकाबाय, तुजी लेक लांब चाललीय. म्हातारी झालीय, गुडघं दुखतात तिचं. तिकडं तिचं मानूस एकच हाय. तिला सांभाळ गो बाय. तुजी लेक हाय ती."

ऐंशीच्या घरातल्या बाईला कोणी 'लेक' म्हणून आईच्या पदरात घालतंय, असं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. चाफ्याखाली न रडलेल्या मावशी खुर्चीत बसून रडल्या, लहान पोरीसारख्या, आवाज काढून. चंद्राबाई घाबरून जवळ आल्या. "चुकलं काय माजं?"

"नाय गो," मावशींनी त्यांचा हात घट्ट धरला. "मी येवडे दिस तिची काळजी करत बसले. माझी काळजी कर, असं तिला सांगायचंच राहून गेलं होतं."